मुगलानाची वाट : नेपाळी स्थलांतर आणि त्याचे शब्द

मराठीत 'मोगलाई' हा शब्द दोन अर्थांनी रुळला आहे. पश्चिम महाराष्ट्रातील जुन्या पिढीची माणसे निजामाच्या मुलखाला मोगलाई म्हणत. आणि जेथे दाद ना फिर्याद, अशा कारभारालाही आपण मोगलाईच म्हणतो. या शब्दाचे एक भावंड हिमालयाच्या दक्षिण उतारावर नांदते. नेपाळी भाषेत 'मुगलान' म्हणजे डोंगर उतरल्यावर लागणारा मोगलांचा मुलूख, अर्थात हिंदुस्थान. मोगल गेले, त्यांच्यामागून आलेले इंग्रजही गेले, पण शब्द राहिला आणि त्याचा अर्थ हळूहळू पसरत गेला. जेथे पोटासाठी जावे लागते, जेथून माणूस परत येईल किंवा येणारही नाही, असा कोणताही परका मुलूख म्हणजे मुगलान.

नेपाळी माणसाच्या स्थलांतराचा इतिहास अशा काही शब्दांत साठलेला आहे. लाहुरे, मुगलान, बसाइँ, परदेस हे शब्द नुसते क्रमाने लावले तरी दोनशे वर्षांची कहाणी उभी राहते. ती सांगण्यामागे आमचे एक म्हणणे आहे. देश सोडून गेलेल्यांची हकीगत ही त्या देशाच्या इतिहासाची पुरवणी असते, असे आपण सहसा धरून चालतो. नेपाळच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. 'नेपाळी' हे आज सर्वांचे असलेले नाव, त्या नावाने ओळखली जाणारी भाषा आणि त्या भाषेतील आधुनिक साहित्याचा मोठा भाग देशाबाहेर, मजुरांच्या, शिपायांच्या आणि परागंदा विद्यार्थ्यांच्या वस्त्यांतून घडला. हे मान्य केले की आजच्या आखाती स्थलांतराविषयी एक निराळा प्रश्न विचारावा लागतो. ज्या स्थलांतराला वस्ती करण्याची मुभाच नाही, त्यातून काय घडणार?

'लाहुरे' या शब्दापासून सुरुवात करू. लाहोरला जाऊन फौजेत चाकरी करणारा तो लाहुरे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबात महाराजा रणजितसिंगांची सत्ता उभी राहिली होती आणि त्यांच्या फौजेत डोंगरी शिपायांना मागणी होती. याच सुमारास, १८१४ ते १८१६ या काळात, नेपाळ आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात युद्ध झाले. देहरादूनजवळच्या नालापानीच्या किल्ल्यात बलभद्र कुंवर याने मूठभर सैन्यानिशी कंपनीच्या फौजेला थोपवून धरले. त्या वेढ्यात इंग्रजांचा सेनापती जिलेस्पी मारला गेला. नेपाळच्या पाठ्यपुस्तकांत बलभद्र राष्ट्रवीर आहे. पण या राष्ट्रवीराचा शेवट नेपाळात झाला नाही. युद्धानंतर तो लाहोरला गेला, रणजितसिंगांच्या चाकरीत राहिला आणि १८२३ मध्ये नौशेराच्या लढाईत अफगाणांशी लढताना पडला. नेपाळचा सर्वांत गौरवलेला योद्धा परक्या राजाच्या पगारावर, परक्या भूमीवर मेला. म्हणजे तोही लाहुरेच होता.

सुगौलीच्या तहाने हे युद्ध संपले. पण तहावर शिक्कामोर्तब होण्याआधीच, १८१५ मध्ये, कंपनीने शरण आलेल्या गोरखा शिपायांच्या पलटणी उभारायला सुरुवात केली होती. कालच्या शत्रूलाच पदरी ठेवण्याचा हा व्यवहार पुढे दोन शतके चालला. काठमांडूच्या दरबाराला तो फार काळ मान्य नव्हता; आपली माणसे इंग्रजांच्या पलटणीत जाणे त्याला अपमानाचे आणि धोक्याचे वाटे. भरती करणारे हस्तक लपूनछपून डोंगरांत फिरत. १८८५ मध्ये वीर शमशेर सत्तेवर आल्यानंतर मात्र राणा राज्यकर्त्यांनी भरतीला उघड परवानगी दिली. आपली गादी इंग्रजांनी मान्य करावी, शस्त्रे मिळावीत आणि मोबदल्यात माणसे द्यावीत, असा हा सौदा होता. पहिल्या महायुद्धात सुमारे दोन लाख आणि दुसऱ्या महायुद्धात त्याहूनही अधिक गोरखा ब्रिटिशांच्या बाजूने भरती झाले, असे साधारणतः सांगितले जाते. त्या काळच्या नेपाळच्या लोकसंख्येशी हा आकडा ताडून पाहिला, तर कित्येक गावांत धडधाकट तरुण उरलेच नसतील, हे ध्यानात येते.

इंग्रजांनी या शिपायांना 'लढाऊ जमात' म्हणून गौरवले. मगर, गुरुंग, राई, लिंबू या जमातींची नावे त्यांच्या भरतीच्या पुस्तकांत गुणदोषांसह लिहिलेली असत. शौर्य हा रक्ताचा गुण ठरवला की माणूस घर का सोडतो, हा प्रश्न विचारण्याची गरज राहत नाही. त्याचे उत्तर महेशचंद्र रेग्मी यांच्यासारख्या नेपाळी इतिहासकाराने जमिनीच्या दप्तरांतून शोधून काढले. राज्याच्या मर्जीतील लोकांना दिलेली 'बिर्ता' वतने, चाकरीच्या मोबदल्यात तोडून दिलेल्या 'जागीर' जमिनी, 'झारा' नावाची वेठ, पीक येवो न येवो भरावा लागणारा सारा आणि या सगळ्यावर बसलेला सावकार, अशी ती व्यवस्था होती. पूर्वेकडील लिंबूंची 'किपट' ही सामायिक मालकीची जमीनही गहाणवटीतून हळूहळू बाहेरून आलेल्यांच्या हाती गेली. कर्ज फेडण्यासाठी रोकड लागे, आणि रोकड मुगलानात होती. लाहुरेच्या पराक्रमाच्या मुळाशी पुष्कळदा हा साधा हिशेब आहे.

परत येणेही सोपे नव्हते. समुद्र ओलांडून लढून आलेल्या शिपायाची जात गेली असे मानले जाई. 'पानी पतिया' नावाचे प्रायश्चित्त राजगुरूंच्या संमतीने घेतल्याखेरीज त्याला पंगतीत बसता येत नसे. विलायतेहून परतलेल्यांना आपल्याकडे काय करावे लागले, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. फरक इतकाच की तिकडे हे प्रायश्चित्त घेणारे बॅरिस्टर नव्हते. राज्यकर्त्यांच्याच सौद्यापायी फ्रान्सच्या किंवा मेसोपोटेमियाच्या खंदकांत धाडलेले शेतकरी होते. पेन्शनीत निघालेले अनेक शिपाई परत गेलेच नाहीत. देहरादून, धर्मशाळा, शिलाँग अशा छावण्यांच्या आसपास त्यांनी घरे बांधली, मुलांना शाळेत घातले. देहरादूनहून ठाकूर चंदन सिंग यांनी १९२६ मध्ये 'गोर्खा संसार' हे पत्र सुरू केले, ते अशाच शिपायांच्या मुलांसाठी.

शिपायांच्या बरोबरीने दुसरा मोठा प्रवाह चहाच्या मळ्यांकडे गेला. १८३५ मध्ये सिक्कीमच्या राजाकडून दार्जिलिंगची टेकडी इंग्रजांनी मिळवली. हवा खाण्याचे ठिकाण म्हणून वसवलेल्या त्या गावाभोवती पुढच्या काही दशकांत चहाचे मळे उभे राहिले, आणि झाडे तोडणारे, रस्ते खोदणारे, पाने खुडणारे हात पूर्व नेपाळातून आले. मळ्याचा 'सरदार' आपल्या गावी जाऊन माणसे आणी. फौजेची वाट फक्त पुरुषांची होती, मळ्याची वाट अख्ख्या कुटुंबाची. पाने खुडणे हे बायकांचे काम मानले गेल्यामुळे स्त्रिया येथे कमावत्या म्हणून आल्या, आणि मुलेबाळे सोबत असल्यामुळे मुक्काम कायमचा झाला.

येथे घडले ते साहित्याच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहे. मळ्यावर आलेल्यांत राई, लिंबू, तामांग, मगर, गुरुंग, नेवार असे सगळेच होते. त्यांच्या भाषा वेगळ्या, देव वेगळे, पंक्ती वेगळ्या. त्या काळी डोंगरातील माणसाच्या लेखी 'नेपाळ' म्हणजे काठमांडूचे खोरे, आणि आज जिला नेपाळी म्हणतात ती भाषा खस कुरा, पर्वतिया किंवा गोरखा भाषा या नावांनी ओळखली जाई. घरी असताना हा लिंबू आणि तो नेवार. मळ्याच्या वसाहतीत एका रांगेत राहू लागल्यावर मालकाच्या आणि शेजाऱ्याच्या नजरेत ते सगळे सारखेच झाले, आणि हळूहळू स्वतःच्या नजरेतही. आपापसांत बोलायला जी एक भाषा उरली, ती त्यांनी आपली मानली. याची किंमतही त्यांनी दिली. दोन-तीन पिढ्यांत दार्जिलिंगच्या अनेक घरांतून राई, लिंबू, तामांग या बोली मागे पडल्या. एक भाषा मिळाली, ती अनेक भाषांच्या मोबदल्यात.

या भाषेला छापील रूप मिळाले तेही बाहेरच. भानुभक्ताचे नेपाळी रामायण त्याच्या हयातीत छापले गेले नव्हते. ते शोधून, संपादून १८८० च्या दशकात लोकांपुढे आणले मोतीराम भट्ट यांनी, आणि ते बनारसहून. खुद्द राणांच्या नेपाळात छपाई ही संशयाची बाब होती. कृष्णलाल अधिकारी या कारकुनाने १९२० मध्ये 'मकैको खेती' हे मक्याच्या लागवडीवरचे पुस्तक लिहिले. त्यातील पिके खाणाऱ्या किड्यांचे वर्णन हा राज्यकर्त्यांवरील टोमणा आहे असा संशय घेतला गेला, पुस्तके जप्त झाली आणि लेखकाला तुरुंगात टाकले गेले. १९२३ मध्ये तेथेच त्यांचा मृत्यू झाला. मक्याविषयी लिहिणेही जेथे जिवावर बेतते, तेथे साहित्य सीमेपलीकडे जाणार यात नवल नाही. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, दार्जिलिंगला नेपाळी साहित्य संमेलन ही संस्था स्थापन झाली. सूर्यविक्रम ज्ञवाली, धरणीधर कोइराला आणि पारसमणि प्रधान हे तिचे तीन आधारस्तंभ. त्यांच्या नावांची आद्याक्षरे जोडून लोक त्यांना 'सुधपा' म्हणत. भानुभक्ताला आदिकवी म्हणून जे अढळ स्थान मिळाले, त्यामागे दार्जिलिंगकरांचा मोठा वाटा आहे. ज्यांच्या वाडवडिलांनी गाव सोडताना रामायण पाहिलेही नसेल, त्यांनी ते आपले मानले आणि मायदेशाला परत दिले.

काठमांडूत लिहिलेल्या थोर साहित्याला यामुळे कमीपणा येत नाही. पण तेथील सर्वांत लाडक्या काव्याचा विषयही घर सोडणे हाच आहे. लक्ष्मीप्रसाद देवकोटांचे 'मुना-मदन' १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. मदन कर्ज फेडायला आणि म्हाताऱ्या आईचे पांग फेडायला ल्हासाला जातो. त्याची पत्नी मुना त्याला परोपरीने थांबवू पाहते. परतीच्या वाटेवर तो आजारी पडतो, सोबती त्याला टाकून जातात, आणि एक भोटे, म्हणजे क्षत्रियाने शिवायचाही नाही असा तिबेटी माणूस, त्याला वाचवतो. घरी पोहोचेपर्यंत मुना उरलेली नसते. देवकोटांनी हे काव्य 'झ्याउरे' या लोकछंदात लिहिले, जो त्या वेळच्या विद्वानांना ग्राम्य वाटे. पोटासाठी निघालेल्या माणसाची गोष्ट ज्या चालीवर गावात गायली जात होती, त्याच चालीवर ती त्यांनी सांगितली. म्हणूनच ती अक्षरओळख नसलेल्यांच्या तोंडीही गेली.

दुसरे पुस्तक लीलबहादुर क्षत्री यांची 'बसाइँ' ही १९५७ मधील छोटी कादंबरी. बसाइँ म्हणजे बिऱ्हाड हलवणे. धने हा शेतकरी कर्जाने म्हैस घेतो आणि कर्जाच्या चरकात सापडत जातो. सुट्टीवर आलेला एक शिपाई त्याच्या बहिणीचे आयुष्य उद्ध्वस्त करून निघून जातो, म्हणजे येथे लाहुरे हा वीर नाही. शेवटी धने आणि मैना घर सोडतात आणि कादंबरी तेथेच थांबते. लक्षात घ्यायची गोष्ट ही की ही कादंबरी लिहिणारा लेखक गुवाहाटीचा आहे. धने जेथे निघाला असेल अशा मुलखात जन्मलेल्या माणसाने मागे वळून, आपल्या लोकांनी गाव का सोडले असेल, याचा शोध घेतला. दार्जिलिंगमध्ये जन्मलेले लैनसिंह बांगदेल यांनी त्याआधी, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, 'मुलुक बाहिर' लिहिली होती. तिचे शीर्षकच 'देशाबाहेर' असे आहे. पारिजात याही मूळच्या दार्जिलिंगच्या. त्यांच्या १९६५ च्या 'शिरीषको फूल' या कादंबरीचा नायक ब्रह्मदेशच्या आघाडीवरून परतलेला माजी शिपाई आहे, आणि तेथे त्याने स्त्रियांवर केलेले अत्याचार त्याच्या आतल्या कुजण्याचा भाग आहेत. गोविंदराज भट्टराई यांच्या १९७४ च्या 'मुगलान'मध्ये भूतानात वेठीला धरलेल्या मजुरांची कहाणी आहे. आणि ज्यांच्यापर्यंत पुस्तके पोहोचत नव्हती, त्यांच्यापर्यंत झलकमान गंधर्व यांची सारंगी पोहोचली. रणांगणावर मेलेल्या शिपायाने घरच्या प्रत्येकाला पाठवलेला निरोप त्यांनी गायला, आणि रेडिओ नेपाळवरून तो डोंगराडोंगरांत गेला.

वसलेल्यांची कहाणी मात्र वसण्यापाशी संपत नाही. ब्रह्मदेशात स्थिरावलेली नेपाळी कुटुंबे १९४२ मध्ये जपानी आक्रमणापुढे पायी आसामकडे निघाली. इंद्रबहादुर राई यांच्या एका प्रसिद्ध कथेतील जयमाया ही मुलगी त्या वाटेवर सगळे गमावून एकटीच लेखापानीला पोहोचते. १९६२ नंतर, ने विनच्या राजवटीत, पुन्हा अनेकांना तो देश सोडावा लागला. भूतानच्या दक्षिण भागात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या नेपाळीभाषकांचे नागरिकत्व १९८५ च्या कायद्याने आणि १९८८ च्या जनगणनेने संशयात आणले. शाळांतून नेपाळी भाषा काढली गेली, आणि १९९० नंतर एक लाखाहून अधिक माणसे पूर्व नेपाळातील झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत येऊन पडली. नेपाळने त्यांना नागरिक मानले नाही, भूतानने परत घेतले नाही. २००७ च्या अखेरीपासून त्यांतील बहुतेकांचे पुनर्वसन तिसऱ्या देशांत, मुख्यतः अमेरिकेत, झाले. २०२५ मध्ये अमेरिकेने त्यांतील काहींना पुन्हा भूतानला पाठवले. भूतानने त्यांना ठेवून घेतले नाही, आणि काही जण भारतातून पुन्हा नेपाळात, त्याच छावण्यांपाशी येऊन ठेपले. पणजोबांनी सोडलेल्या देशात पणतू निर्वासित म्हणून परत येतो, तेव्हा मायदेश या शब्दाचा अर्थ नव्याने लावावा लागतो.

भारतातही ही अनिश्चितता होतीच. १९५० च्या भारत-नेपाळ करारातील सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांच्या भूमीवर राहण्याची, मालमत्तेची, व्यापाराची, ये-जा करण्याची मोकळीक दिली. ही मोकळीक काल आलेल्या मजुराला उपयोगी पडली, पण शंभर वर्षांपूर्वी आलेल्याच्या नातवाला अडचणीची ठरली, कारण दोघांतला फरक पाहण्याची गरजच कोणाला वाटेना. नेपाळी भाषेचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत करावा ही मागणी पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी ती परकी भाषा आहे म्हणून नाकारली होती. १९८६ मध्ये पेटलेल्या गोरखालँडच्या आंदोलनामागे हा सल होता. भाषेला 'नेपाळी' म्हणावे की 'गोर्खाली', हा वादही त्यातूनच तीव्र झाला. अखेर १९९२ मध्ये एकाहत्तराव्या घटनादुरुस्तीने कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी या तीन भाषा एकदम अनुसूचीत आल्या. कोकणी ही भाषा आहे की मराठीची बोली, हा वाद आपल्याकडे हिरिरीने झाला. तिच्याच सोबतीने घटनेत आलेल्या दुसऱ्या भाषेच्या वाट्याला परकेपणाचा आरोप होता, याची नोंद आपण क्वचितच घेतली.

आता आजच्या लाहुरेकडे वळू. नेपाळने परदेशी रोजगाराचा पहिला कायदा १९८५ मध्ये केला. १९९० च्या लोकशाहीनंतर पासपोर्ट मिळणे सोपे झाले, आणि १९९६ ते २००६ या दशकातील माओवादी युद्धाने गावातील तरुणांना दोन्ही बाजूंच्या बंदुकांपासून पळायला भाग पाडले. २००१ च्या जनगणनेत साडेसात लाखांहून अधिक नेपाळी परदेशी असल्याची नोंद झाली आणि त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक भारतात होते. २०११ मध्ये हा आकडा सुमारे १९ लाखांवर गेला आणि भारताचा वाटा सुमारे ३८ टक्क्यांवर आला. २०२१ मध्ये संख्या सुमारे २२ लाख झाली. वाट दक्षिणेकडून मलेशिया, कतार, सौदी अरेबिया, अमिरातींकडे वळली होती. आज परदेशातून येणारा पैसा नेपाळच्या सकल उत्पन्नाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतका आहे. अभ्यासकांनी या कामगारांना 'नवे लाहुरे' म्हटले.

साम्य आहेच. गावातला दलाल, 'म्यानपावर' म्हणून ओळखली जाणारी माणसे पुरवणारी कचेरी, शेकडा तीन रुपये महिना अशा व्याजाने काढलेले कर्ज, हे सगळे धनेच्या ओळखीचे आहे. पण एक भेद मूलभूत आहे. आखातातील 'कफाला' पद्धतीत कामगाराचे राहणे मालकाच्या नावाशी बांधलेले असते. तो बायकोमुलांना आणू शकत नाही, जमीन घेऊ शकत नाही, तेथे कितीही वर्षे काढली तरी तेथला होऊ शकत नाही. कतारने २०२० मध्ये मालकाच्या परवानगीवाचून नोकरी बदलण्याची सोय केली, किमान वेतनही ठरवले. पण कायमच्या वस्तीचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. तरुण, निरोगी म्हणून तपासून पाठवलेली माणसे झोपेत मरतात आणि दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याची नोंद होते. कतारमधील अशा नेपाळी मृत्यूंचा उष्णतेशी संबंध दाखवणारा अभ्यास २०१९ मध्ये 'कार्डिऑलॉजी' या नियतकालिकात आला. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर एका बाजूने तरुणांच्या रांगा आत जातात आणि दुसऱ्या बाजूने शवपेट्या बाहेर येतात, हे दृश्य तेथल्या लोकांच्या सवयीचे झाले आहे. जॉर्डनमधील कामासाठी म्हणून निघालेले बारा नेपाळी कामगार ऑगस्ट २००४ मध्ये इराकात मारले गेले. दुसऱ्या दिवशी काठमांडूत जमावाने मशिदीवर आणि म्यानपावरच्या कचेऱ्यांवर हल्ले केले. त्यांपैकी कचेऱ्यांवरचा राग कुठून आला होता, हे समजण्यासारखे आहे.

जुन्या फौजेची वाटही आता पहिल्यासारखी राहिलेली नाही. १९४७ च्या त्रिपक्षीय कराराने दहा गोरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे आणि चार ब्रिटनकडे गेल्या. ब्रिटनच्या सेवेत आयुष्य घालवलेल्या जुन्या शिपायांना त्या देशात राहण्याचा हक्क मिळवण्यासाठी २००९ पर्यंत झगडावे लागले. भारताने २०२२ मध्ये अग्निपथ योजना आणली. चार वर्षांची चाकरी जुन्या करारात बसत नाही म्हणून नेपाळने भरती थांबवली. दोनशे वर्षांच्या वाटेवर असा खंड पडला.

या इतिहासात महाराष्ट्र कोठे आहे? अछाम, डोटी, बाजुरा, बझांग, कैलाली या सुदूर पश्चिमेच्या जिल्ह्यांतून मुंबईला येणे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. रत्नागिरी आणि देवगडच्या आंब्याच्या बागांची राखण आज मोठ्या प्रमाणात नेपाळी गडी करतात, आणि कोकण किनाऱ्यावरील मासेमारी नौकांवर नेपाळी खलाशी असतात. ज्या कोकणाने स्वतःची माणसे मुंबईच्या गिरण्यांना दिली आणि मनिऑर्डरींवर गावे जगवली, तेथे आता दुसऱ्या डोंगराचे चाकरमानी आले आहेत. काही जण बिऱ्हाडासह राहतात आणि त्यांची मुले मराठी शाळेत जातात.

मुंबईचा आणखी एक संबंध आहे, तो टाळून चालणार नाही. फसवून आणलेल्या नेपाळी मुली या शहरातील कुंटणखान्यांत विकल्या गेल्या. १९९६ मधील छाप्यांत ज्यांची सुटका झाली, त्यांतील काहींनी मायदेशी परतल्यावर त्याच वर्षी 'शक्ती समूह' ही संस्था उभी केली. तिला २०१३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. लाहुरे हा शब्द पुल्लिंगी आहे. स्त्रीच्या स्थलांतराला तितका सन्मानाचा शब्द नेपाळी भाषेत रूढ झाला नाही. राज्यानेही तिला वेळोवेळी आखातात घरकामाला जाण्याची बंदी करून संरक्षण दिल्याचे समाधान मानले, आणि ज्यांना जायचेच होते त्या चोरवाटेने, अधिक धोक्याने गेल्या. या मुलींनी परतून येऊन उभारलेली संस्था हा त्या मौनाला दिलेला जबाब आहे.

मराठीने या माणसाला एक शब्द दिला आहे : गुरखा. रात्री काठी आपटत, शिट्टी फुंकत फिरणारा, महिन्याच्या महिन्याला दारात येऊन पैसे मागणारा. या शब्दात एका राज्याचे नाव, एका फौजेची कीर्ती आणि एका चौकीदाराची मजुरी एकत्र आली आहे. फक्त त्या माणसाचे नाव नाही. तो मगर आहे की ठकुरी, त्याचे गाव कोणत्या नदीकाठी आहे, तो काय वाचतो, हे आपण विचारले नाही. तोही त्याच्या भाषेत आपल्या शहराला मुगलानच म्हणत असेल, आणि त्या शब्दात आपल्याला ओळखीची असलेली मोगलाईची धग असेल.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर दार्जिलिंगच्या अनुभवात निम्मे मिळते. तेथे साहित्य निर्माण झाले, कारण माणसांना राहू दिले गेले. मळ्याचे जिणे हलाखीचे होते, पण कुटुंब होते, शाळा होती, छापखाना होता, आणि तिसऱ्या पिढीला मागे वळून पाहण्याइतका निवांतपणा होता. आखातातील कामगारही कविता आणि गझला लिहितात, सुट्टीच्या दिवशी जमून वाचतात. पण त्यांची मुले तेथे वाढत नाहीत, त्यामुळे तेथून मागे वळून 'बसाइँ' लिहिणारा लेखक निघणे कठीण आहे. ती कादंबरी लिहिली गेलीच, तर बहुधा मागे राहिलेल्या घरातून लिहिली जाईल : बापाला दोन-तीन वर्षांतून एकदा पाहिलेल्या मुलीकडून किंवा मुलाकडून. रत्नागिरीतील एखाद्या शाळेतूनही ती येऊ शकेल, आणि कदाचित मराठीत. तसे झाले तर ती वाचणाऱ्याला 'गुरखा' हा शब्द पूर्वीसारखा वापरता येणार नाही.